पेंगुळ्याने खाल्लेल्या ओळी

१

धाकटी काय काम करते हे ऐकलं की लोक आधी गप्प बसतात आणि मग विषय बदलतात. त्यात त्यांची चूक नाही. रोमचं साम्राज्य मोडकळीला आलं होतं त्या काळात एका शाळामास्तरानं आपल्या बहिणीला लॅटिनमध्ये त्रेपन्न पत्रं लिहिली. मूळ पत्रं कधीच नाहीशी झाली. चारशे वर्षांनी कुठल्याशा मठातल्या एका माणसानं त्यांची नक्कल केली, आणखी शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणी मुळावरूनच वेगळी केली, आणि एवढंच काय ते उरलं. धाकटी या दोन्ही नकलांचे फोटो शेजारी-शेजारी लावून ओळीला ओळ ताडून बघते आणि मास्तरानं खरोखर काय लिहिलं असेल ते ठरवते. अकरा वर्षं तिचं हेच चाललं आहे.

पहिल्या नकलेवाल्याचं पेंगुळ्या हे नाव ताईनं ठेवलेलं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. जन्म टेलिफोनच्या ऑफिसात गेला, लॅटिनचं अक्षर कळत नाही, पण रोज संध्याकाळी ठरलेला प्रश्न असायचा: आज काय खाल्लं पेंगुळ्यानं?

कारण हा गडी ओळी खायचा. एखादा शब्द एका ओळीच्या टोकाला आला आणि तोच पुन्हा पाच ओळी खाली आला, की तो हमखास फसायचा. वरचा शब्द उतरवायचा, बोरू दौतीत बुडवायचा, मान वर करून समोरच्या पानाकडे बघायचा, आणि नजर नेमकी खालच्या शब्दावर पडायची. तिथून पुढे लिहिणं सुरू. मधल्या पाच ओळी गडप. आणि सांधा असा बेमालूम बसायचा की वाचणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. दुसरी नक्कल शेजारी ठेवली तरच चोरी उघडी पडते. काही पत्रं मात्र एकट्या पेंगुळ्याच्याच नकलेत आहेत. त्यांत त्यानं काय खाल्लं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

चार महिन्यांपासून ताई आतल्या खोलीत पडून होती. दुखणं हाडांत उतरलं होतं आणि डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची सुरू केली होती. धाकटीनं विद्यापीठातून रजा घेऊन टेबल बाहेरच्या खोलीत मांडलं. सकाळी नऊ ते पाच नर्स यायची. ताईच्या उशाशी एक पितळी घंटा होती, जुन्या शाळांमधून असायची तशी. ती वाजली की धाकटी उठायची.

दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी धाकटी त्या दिवसांत सगळीच झाली होती. जेवायची, ताईच्या तळपायांना निलगिरीचं तेल लावायची, फोटो ताडायची. रडू येत नव्हतं. पुस्तकांच्या कपाटामागे दिवसभर काहीतरी बारीक खरखरायचं. तिनं उंदीर समजून पिंजरा लावला, त्यात बिस्किट ठेवलं. बिस्किट मऊ पडलं, उंदीर काही सापडला नाही.

२

पहिल्यांदा झालं ते एका शनिवारी. सव्वादहा वाजले होते. नर्सनं चहाचा कप नुकताच टेबलावर ठेवला होता, वाफ येत होती. घंटा वाजली. धाकटीनं पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. कपाटामागची खरखर थांबली होती, एवढं तिच्या ध्यानात आलं. तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली.

"आले, आले," असं म्हणत ती आत गेली. ताईनं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. आत्ताच तर गेलीस बाहेर, म्हणाली, पाण्याचा ग्लास लांब राहिला म्हणून वाजवली. धाकटीनं ग्लास जवळ सरकवला. ताईचा चेहरा ताजा दिसत होता, केस विंचरलेले होते, आणि खोलीत निलगिरीचा वास होता.

बाहेर येऊन तिनं चहा उचलला. तो थंडगार झाला होता आणि वर साय धरली होती. टेबलावरचं ऊन कपाटापर्यंत सरकलं होतं. भिंतीवर पावणेबारा वाजले होते. तिनं बोटं नाकाशी नेली. बोटांना तेलाचा वास येत होता आणि ती अजून चिकट होती.

तिनं मनाशी हिशेब मांडला. झोप नाही, जेवण वेळेवर नाही, वय पन्नाशीला आलेलं. उभ्या-उभ्या डोळा लागला असेल. पण डोळा लागलेली बाई कुणाचे केस विंचरत नाही आणि पायांना तेल लावत नाही. मग तिनं विचार करायचा सोडला आणि चहा पुन्हा गरम करून प्यायला. तेव्हा तिला तेवढंच सोपं वाटलं.

३

पुढच्या आठवड्यात ताई दोनदा म्हणाली, "मग काल ठरलं तसंच करायचं ना?" आणि दोन्ही वेळा धाकटीनं हो म्हटलं. काय ठरलं होतं, तिला ठाऊक नव्हतं. मरायला टेकलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं, की बाई गं, काल मी तुझ्याजवळ बसले होते का?

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला, रक्तदाब पाहिला आणि थकवा आहे म्हणाले. आजाऱ्यापेक्षा सांभाळणारा आधी खचतो, हेही म्हणाले. धाकटीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण अकरा वर्षांची सवय जाते कुठे? संशय आला की दुसरी प्रत शोधायची. आणि दुसरी प्रत घरात होती. नर्स ताईच्या पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर वेळ घालून सगळं लिहायची: गोळी, लघवी, ताप, पेशंट किती वेळ जागी, जवळ कोण होतं. धाकटीनं नऊ दिवसांचे तक्ते मागून घेतले. एका कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे तिला आठवत होतं ते, उजवीकडे तक्त्यावर होतं ते.

नऊ दिवसांत पेंगुळ्यासारख्या सात उड्या निघाल्या. सर्वांत लहान वीस मिनिटांची, सर्वांत मोठी दोन तासांची. प्रत्येक उडी घंटेनं सुरू होत होती आणि घंटेनंच संपत होती. मंगळवारी तक्त्यात होतं: "बहीण जवळ. पेशंट हसली. दोघी गाणं म्हणत होत्या." डावा रकाना कोरा होता. कुठलं गाणं, तेही आठवेना.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. फोटो ताडणं, अंघोळ, दूध आणणं, भांडी, यांतली एक ओळही गळालेली नव्हती. जे काही गेलं होतं ते सगळं आतल्या खोलीतलं होतं.

खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. त्या खोलीत ओकाऱ्या होत्या, चादरी होत्या, दात आवळून धरलेलं कण्हणं होतं. ते कुणी परस्पर खाऊन टाकत असेल तर खाऊ दे, असं तिच्या मनात आलं. मग मंगळवारची ओळ तिनं पुन्हा वाचली. कागदाची घडी घालून शब्दकोशात ठेवली.

४

बुधवारी घंटा वाजली नव्हती, धाकटी आपणहून आत गेली. ताई जागी होती आणि दाराकडे कान लावून पडली होती.

"पेंगुळ्या आज बिगीबिगी लिहितोय," ताई म्हणाली.

धाकटीला वाटलं थट्टा चालली आहे. तिनं विचारलं, कोण?

"तुझा तो. तुला नाही का ऐकू येत? दिवसभर बाहेर खरखर चालू असते त्याची. लिहीत असला की माझं काही म्हणणं नाही. थांबला की मला भीती वाटते." ताईनं ओठांवरून जीभ फिरवली. "थांबला म्हणजे मान वर केली ना त्यानं."

धाकटीनं नर्सला बोलावून विचारलं. नर्सनं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. तिला फक्त फ्रिज ऐकू येत होता. औषधांमुळे पेशंटला असे आवाज येतात, असं तिनं धाकटीला बाहेर नेऊन हळूच सांगितलं. मॅडमना, म्हणजे धाकटीला, कशामुळे येतात, हे मात्र तिनं विचारलं नाही.

त्याच दुपारी ताई म्हणाली, आईचं सांगायचंय.

इथे आईचं सांगायला हवं. धाकटी चार वर्षांची असताना आई घरातून गेली. गेली म्हणजे मेली नव्हे, एका सकाळी निघून गेली. चौदा वर्षांची ताई तेवढी जागी होती. दारात उभं राहून आई तिच्याशी काहीतरी बोलली आणि जिना उतरली. वडिलांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. धाकटीनं शाळेत असताना विचारलं, कॉलेजात विचारलं, भांडणात विचारलं, वडील गेले त्या दिवशी विचारलं. ताईचं उत्तर ठरलेलं: सांगेन कधीतरी. आई आपल्यामुळे गेली, असं धाकटीनं लहानपणीच मनाशी धरलं होतं. दुसरं कारण तिला कुणी दिलं नव्हतं. त्या सकाळची एकच प्रत होती आणि ती आतल्या खोलीत झोपलेली होती.

"उद्या दुपारी," ताई म्हणाली. "गोळीच्या आधी. दुखलं तर दुखू दे, डोकं जाग्यावर हवं. नर्सला बाहेर बसव. एकदाच सांगणार आहे, नीट ऐक."

५

गुरुवारी सकाळी धाकटीनं पहिलं काम केलं ते म्हणजे घंटेच्या आतल्या लोळ्याला कापूस गुंडाळला आणि वरून दोरा बांधला. हलवून पाहिली. आवाज आला नाही. घंटा तिनं टेबलाच्या खणात टाकली. दोन घंटांच्या मधलं तो खातो ना, मग घंटाच नको. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद केले, फोन बंद केला, नळ घट्ट पिळला. दोनदा वाजेल असं काही घरात ठेवायचं नाही, असा तिचा बेत होता. लहान मुलापासून काड्यापेट्या लपवाव्यात तशी ती घरभर हिंडली. नर्स बघत होती.

दोन वाजता ती ताईजवळ जाऊन बसली. दार लावून घेतलं. नर्स बाहेर तक्ता मांडीवर घेऊन बसली. दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी होतं. ताईनं तिचा हात हातात घेतला. ताईचा हात हलका आणि कोरडा होता. पलंगासमोर आरशाचं कपाट होतं, त्याचं दार अर्धवट उघडं होतं. लावलेल्या दाराच्या वर झरोका होता. झरोक्यातून बाहेरच्या टेबलाचा एक कोपरा आणि धाकटीच्या खुर्चीची पाठ आरशात दिसत होती.

खरखर संथ लयीत चालू होती. धाकटीनं डोळे ताईच्या तोंडावर खिळवले. आत कुठेतरी खूप खोल काहीतरी दुखायला लागलं होतं, आणि इतक्या दिवसांनी दुखतंय याचं तिला बरं वाटलं.

ताईनं श्वास घेतला.

"धाकटे," ती म्हणाली.

खरखर थांबली.

धाकटीची नजर आरशाकडे गेली. जायला नको होती. खुर्ची रिकामी नव्हती. कुणीतरी वाकून बसलेलं होतं. खांदे बारीक होते, मानेचं हाड वर आलं होतं. ते डोकं सावकाश वर होत आरशाकडे वळत होतं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुष्टावा नव्हता. दिवसभर एकच काम करून आलेली पेंग होती, आणि अर्धवट मिटलेले डोळे आपली जागा शोधत होते. शाईनं काळं झालेलं एक बोट वर आलं. ते हवेत जरासं फिरलं आणि खाली टेकलं.

"धाकटे," ताई म्हणाली.

ऊन पायथ्याशी नव्हतं. ते भिंतीवर चढून पिवळं झालं होतं. ताईच्या कपाळावर घाम होता, आवाज पार बसला होता, पण चेहरा ओझं उतरवलेल्या हमालासारखा सैल झाला होता. धाकटीचा पदर ओला होता. खुर्ची रिकामी होती. बाहेर खरखर सुरू झाली होती.

"धाकटे, आता कळलं ना तुला?" ताई म्हणत होती. "उगीच इतकी वर्षं धरून बसले मी."

६

धाकटी म्हणाली, "ताई, परत सांग."

ताई हसली. लहान मूल गोष्ट संपल्यावर पुन्हा मागतं, तेव्हा मोठी माणसं हसतात तसं.

"पुरे गं आता. दमले. उद्या सांगते."

नर्सनं गोळी दिली. ताई झोपली आणि पुन्हा जागी झाली नाही. शनिवारी दुपारी तिचा श्वास लांबत गेला आणि थांबला. धाकटी जवळ होती. ते तिला सगळं आठवतं, चादरीवरची फुलंसुद्धा. नको असलेलं काहीच त्यानं खाल्लं नाही.

लोक आले, लोक गेले. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. पाच दिवसांनी नर्स राहिलेलं सामान न्यायला आली, तेव्हा धाकटीनं तिला खुर्ची दिली आणि गुरुवारचा तक्ता पुढे ठेवला. त्यावर एवढंच होतं: "दोन ते साडेचार दार बंद. दोघी आत. बोलण्याचा आवाज."

काय बोलणं, ते ऐकू आलं का? धाकटीनं अगदी साध्या सुरात विचारलं. नर्स अवघडली. मी कान लावून बसत नाही मॅडम, म्हणाली. मग धाकटीच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज मऊ झाला.

"शब्द नाही कळले. पण तुम्ही हसत होतात. आधी रडलात, मग दोघी हसत होतात, किती तरी वेळ. चार महिन्यांत तुम्हाला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चला, सुटल्या बाई एकदाच्या."

धाकटीनं गालांना हात लावला. गुरुवारी संध्याकाळी ते दुखत होते. जबडा आवळून बसले असेन, असं तिला वाटलं होतं.

नर्स गेल्यावर ती डाव्या रकान्यापुढे बसली. आपण हसलो म्हणजे ती गोष्ट हसण्यासारखी होती. म्हणजे आई तिच्यामुळे गेली नव्हती. की तिच्यामुळेच गेली होती आणि तरीही त्यात हसण्यासारखं काही होतं? असं किती वेळ ताडणार? एकाच प्रतीवरून मजकूर ठरवता येत नाही, हे ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते. जिथे काही गळालंय अशी खात्री आहे पण काय ते कळत नाही, तिथे संपादकानं कंसात तीन टिंबं द्यावीत आणि पुढे जावं, हेही शिकवते. तिनं टिंबं दिली. पुढे जाता येईना.

७

त्यानंतर तीनेक आठवडे घर नुसतं उभं होतं. धाकटी फोटो ताडत होती, जेवत होती, झोपत होती. मन पुन्हा इंजेक्शन दिल्यासारखं झालं होतं. खरखर चालू होती. ती आता न थांबता चालायची, कारण थांबण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. धाकटीला त्या आवाजाची सोबत वाटायला लागली होती, आणि तसं वाटतंय याची तिला लाज वाटायची.

एका सकाळी रबर शोधताना खणात घंटा हाताला लागली. तिनं ती टेबलावर ठेवली. कामात लक्ष लागेना. दुसऱ्या नकलेत सबंध ओळी होत्या, पेंगुळ्याच्या नकलेत नव्हत्या. पण म्हणून त्या ओळी झाल्याच नव्हत्या, असं थोडंच आहे? मास्तरानं त्या लिहिल्या होत्या. बहिणीनं वाचल्या होत्या. गळाल्या त्या फक्त नकलेतून. हे ती अकरा वर्षं जाणून होती, आणि आतल्या खोलीलाही ते लागू आहे हे इतक्या दिवसांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं दोरा सोडला. लोळ्यावरचा कापूस काढून टाकला. नर्सच्या उरलेल्या कोऱ्या तक्त्यांमधला एक घेतला, भिंतीवर पाहिलं आणि वेळ लिहिली: दहा वाजून पाच मिनिटं. समोर गरम चहा ठेवला होता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, पलंगावरची गादी गुंडाळलेली होती, खिडकी बंद होती. मग तिनं घंटा उचलली आणि एकदाच वाजवली. लोळा बोटांनी घट्ट धरून ठेवला.

खरखर थांबली.

धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही. मान वर होत असलेली तिला पाठीवर जाणवली. ती उठली, आतल्या दाराकडे पाऊल टाकलं.

घंटा वाजली.

ती टेबलापाशी उभी होती. घंटा हातात होती, लोळा बोटांत तसाच धरलेला होता. चहावर साय आली होती. ऊन कपाट ओलांडून गेलं होतं, एक वाजून गेला होता. आतली गादी गुंडाळलेलीच होती. तिनं बोटं नाकाशी नेली. निलगिरीचा वास होता, बोटं चिकट होती आणि तळहात अजून कोमट होता.

गाल दुखत होते.

तिनं तक्त्यावर दुसरी वेळ लिहिली. डावा रकाना कोरा सोडला. चहा मोरीत ओतला, नवा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत वाट पाहून घंटा पुन्हा उचलली.